एका टेबलावर दोघी

हेमा,

काल बाजार झाला. तुझ्याशिवाय झाला. आज सकाळी दाढी करताना हे वाक्य मी आरशासमोर मोठ्याने म्हणून बघितलं, वेगवेगळ्या पट्ट्यांत. एकाही पट्टीत ते खरं वाटलं नाही.

गर्दी कशी होती, प्राचार्य काय बोलले, माइकने दगा दिला का, यातलं तुला काहीच नको असणार. तू एकच विचारशील: जनाबाय आणि परबकाकू एका टेबलावर बसल्या का? सांगतो. पण माझ्या पद्धतीने सांगणार, म्हणजे आडवळणाने आणि हातवारे करत. "भोंग्या, मुद्द्यावर ये" असं तू आता म्हणू शकत नाहीस, याचा मला आनंद झालाय असं मात्र समजू नकोस. तू तोडायचीस म्हणून माझ्या गोष्टी कुठेतरी संपायच्या तरी. गेले काही दिवस मी बोलायला लागलो की थांबतच नाही, आणि समोरचे बिचारे माझ्या दुःखाचा मान राखून ऐकून घेतात. वाट लागली आहे माझी.

आठवतं, कशी सुरुवात झाली? कॉलेजने शांतता सप्ताह ठरवला होता आणि वरून सूचना आली की मुलांनी पांढऱ्या कबुतरांची चित्रं काढावीत. तू अर्थशास्त्राचा तास घेऊन थेट प्राचार्यांच्या खोलीत गेलीस आणि म्हणालीस की अख्ख्या मुलुंडच्या खिडक्यांची कबुतरांनी काय दशा केली आहे ते बघा, आणखी कशाला? मग मला फोन केलास. मी बँकेत काउंटरवर, समोर रांग, आणि तू विचारतेस, कोळीवाड्यात येतोस का. मी म्हटलं, मासे घ्यायला? तू म्हणालीस, भांडण घ्यायला.

भांडण तयारच होतं. कांजूरला खाडीकडे कोळणी बोंबील वाळत घालायच्या ती मोकळी जागा, आणि तिला लागून कोकणी माणसांची चाळ. चाळीतली मुलं त्या जागेत क्रिकेट खेळायची, चेंडू बोंबलांच्या बांबूंवर जायचा. कोळणी चेंडू ठेवून घ्यायच्या. एका रविवारी डोकी फुटली. शिवाय चाळीची तक्रार होती वासाची. मासे खाणारीच माणसं सगळी, पण वाळताना वास नको. तू त्यांना तोंडावर विचारलंस की पलीकडच्या डम्पिंगच्या कचऱ्याचा वास तुम्हाला चालतो, तो काय अत्तराचा आहे? मी तुझ्या मागे उभा होतो आणि पळायचं कुठून ते बघत होतो.

तुझी युक्ती साधी होती. पावसाळ्याआधी घरोघरी आगोटीची खरेदी चालते, सुकी मासळी, मसाला, आमसुलं. त्याच वेळी, मे महिन्याच्या शेवटी, सुट्टीत रिकाम्या पडलेल्या कॉलेजच्या मैदानात बाजार भरवायचा. करणाऱ्याने स्वतः विकायचं, मधला कोणी नाही, आणि घेणाऱ्याने घासाघीस करायची नाही. रास्त बाजार. आणि एका टेबलावर दोघी बसतील, एक कोळीवाड्यातली, एक चाळीतली. मी म्हटलं, रक्त सांडेल. तू म्हणालीस, टेबलं भाड्याची आहेत, जरा सांभाळायला सांग.

त्या पहिल्या बाजाराची गोष्ट मी निदान शंभर ठिकाणी सांगितली असेल, आणि दर वेळी तू म्हणालीस की मी वाढवून सांगतो. आज अजिबात वाढवत नाही. महिनाभर तू आणि तुझी कॉलेजातली पोरं घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत सोसायट्यांमध्ये भाषणं देत फिरलात. बाई दिवसभर उन्हात राबते आणि तुम्ही तिच्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालता, लाज वाटू द्या. लोकांना वाटलीही. इतकी वाटली की बाजारात आलेला प्रत्येक जण पुण्य करायला आल्यासारखा दिसत होता. तू घेणाऱ्यांना सगळं शिकवलंस. विकणाऱ्यांना सांगायचं मात्र आपण सगळेच विसरलो.

कोळीवाड्यातल्या जनाबायने आयुष्यभर जसा भाव सांगितला तसाच सांगितला, दुप्पट. पुढचं माणूस निम्म्यावर आणणार, हे तिने धरलेलंच. आणि पुढचं माणूस नमस्कार करून तेवढे पैसे देऊन गेलं. दुसरं गेलं, तिसरं गेलं. जनाबाय घाबरली. तिने एक नोट उन्हात धरून बघितली. शेजारी चाळीतल्या परबकाकूच्या आमसुलांचंही तेच चाललं होतं. आणि मग वर्षभर एकमेकींचं तोंड न बघितलेल्या त्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. जनाबाय म्हणाली, "गो, या लोकांना झालंय तरी काय?" परबकाकू शांतपणे म्हणाली, "शिकलेली असत ना."

त्यानंतर त्या दोघी जशा हसल्या, तसं मी इतक्या नाटकांत स्टेजवर कधी कुणाला हसवू शकलो नाही.

तुझा चेहरा मात्र बघण्यासारखा झाला होता. तुझ्या रास्त बाजारात सगळ्यात मोठी लूट. तू मला माइकवर ढकललंस आणि जाहीर करायला लावलंस की ज्यांनी जास्त पैसे दिले त्यांनी परत घेऊन जावेत. एक माणूस पुढे आला नाही. घाटकोपरचे एक काका तर माझा हात दाबून म्हणाले, ही परीक्षा आहे, मला कळलंय. शेवटी दोघींनी पैशांऐवजी माल वाटून हिशेब मिटवायचा ठरवला, आणि त्या काकांच्या कापडी पिशवीत जनाबायने ओंजळभर सुका जवळा ओतला. काका शुद्ध शाकाहारी. त्यांनी तोही नमस्कार करून घेतला.

पुढच्या वर्षीपासून पाट्यांवर भाव आले. आणि तुझा तो नियम आला, ज्याच्यामुळे बाजार खऱ्या अर्थाने तुझा झाला: टेबलावरची एक उठून गेली तर दुसरीने तिचा माल विकायचा, आणि तो कसा होतो हे गिऱ्हाइकाला सांगायचं. सांगायचं तर आधी बघायला हवं. म्हणून परबकाकू वाळवणावर जाऊन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवायला शिकली, आणि गावाहून आमसुलांसाठी रतांबे आले की जनाबाय चाळीच्या गच्चीवर जाऊन ते फोडायला बसायची. तिचे हात लाल झालेले बघून कोळीवाड्यात विचारलं गेलं की कुणाचं लग्न आहे. सभा नाही, शपथ नाही, मेणबत्त्या नाहीत. दुसऱ्या बाईच्या मालाची बाजू घेऊन बोलायचं, बस. मी त्याला तुझं नाटक म्हणायचो. तू म्हणायचीस, नाटकात पडदा पडतो, इथे पडू द्यायचा नाही.

पडला, हेमा. तू असतानाच पडत होता, आणि ते तुला दिसत होतं.

चाळ पाडून टॉवर होणार हे ठरलं तेव्हा परबकाकूने सगळ्या चाळीला साखर वाटली होती. मग नकाशा आला, आणि नव्या इमारतीचा रस्ता बरोबर वाळवणाच्या जागेवरून निघाला. कोळणी आडव्या पडल्या, दगड आले, पोलीस आले. जनाबायच्या मुलाला गाडीत घालून नेलं. चाळीने केलेल्या तक्रारीवर परबकाकूचीही सही होती. तेवढ्यावर दोघींचं सगळं संपलं. एकीचं घर, एकीचं अंगण. यात खोटं कोण ते शोधून दाखव म्हटलं असतं, तर तुलाही दाखवता आलं नसतं.

आपलं शेवटचं भांडण यावरूनच. स्टेशनसमोरच्या उडप्याकडे. मी म्हटलं, या वर्षी बाजार दोन दिवस करू, शनिवारी कोळीवाडा, रविवारी चाळ. निदान माल तरी विकला जाईल. तू इडली बाजूला सारलीस. म्हणालीस, "दोन दिवस केलंस तर तो सेल झाला. सेलसाठी मॉल आहेत. भांडू दे त्यांना, पण टेबलापाशी भांडू दे." मी म्हटलं, तुला माणसांपेक्षा टेबल प्यारं. तू पर्स उचललीस आणि गेलीस. वेटर माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू आमचं लग्न मोडलं.

घरी जाताना मला उत्तर सुचलं. नेहमीसारखं, उशिरा. दोन दिवस मी त्याला घासूनपुसून तयार केलं, कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा. आणि तू पेपर तपासायला म्हणून कॉलेजात गेलीस आणि जिन्यात बसलीस, ती उठलीच नाहीस. ते उत्तर अजून माझ्याकडे तसंच आहे. ऐक. हेमा, तुझी शांतता पण अंगावर येते माणसांच्या. जिचा मुलगा पोलिसांनी नेला तिला थोडे दिवस रागावून घरी बसायचा हक्क आहे. तू तोही देत नाहीस.

मला अजूनही हे बरोबर वाटतं. तू यावर काय म्हणाली असतीस ते मला काही केल्या सुचत नाही. कितीही मोठा नट असो, दुसऱ्याचं वाक्य त्याला येत नाही. मी तुझ्या आवाजात बोलून बघितलं. बायको आतून येऊन माझ्या कपाळाला हात लावून गेली.

शोकसभा कॉलेजच्याच हॉलमध्ये होती आणि सूत्रसंचालन अर्थातच माझ्याकडे. दोघी आल्या होत्या, एक या टोकाला, एक त्या टोकाला. मला वाटलं हीच वेळ. मी आवाज भरून जाहीर केलं की आता हेमाच्या दोन जिवलग, जनाबाय आणि परबकाकू, मिळून तिच्या फोटोला हार घालतील. दोघी उठल्या. हॉलमध्ये कुणीतरी टाळ्या वाजवल्या, शोकसभेत. आणि दोघी दोन दारांनी बाहेर गेल्या. हार माझ्या हातात राहिला. तू पाहिलं असतंस तर आठवडाभर माझी नक्कल केली असतीस. फोटोत तू हसत होतीस ते मला सहन होईना, मी तोंड फिरवून उभा राहिलो.

त्यानंतर मी दोघींच्या दारात गेलो. जनाबाय कोळंबी सोलत होती. मी डोळ्यांत पाणी आणलं, आणावं लागलं नाही खरं तर, आणि म्हटलं, हेमासाठी एवढं कर. तिने मान वर केली नाही. म्हणाली, "हेमाला नाय बोलले. तुला हो बोलू?"

चाळीत परबकाकू भाकऱ्या भाजत होती. अर्ध्या खोल्या रिकाम्या झाल्या आहेत, गच्ची पत्रे लावून बंद केली आहे. मी तोंड उघडण्याआधीच ती म्हणाली, मेल्या, तुझी नाटकां थंय स्टेजवर. मग तवा खाली उतरवून माझ्यासमोर बसली. "सही केलंय मी. परत करूक सांगलास तरी करीन. माझी सून पोटुशी असताना बाल्दी घेवन खालच्या संडासाक जाय. ता तुझ्या हेमान बघलेला?" आणि मग तिने पदर तोंडाला लावला. नंतर अगदी हळू म्हणाली, "बघलेला. तिना बघलेला."

मी खाली येऊन रिक्षा पकडली आणि रिक्षावाल्याला कुठे जायचं ते सांगताच येईना.

प्राचार्यांचा फोन आला. ते भले गृहस्थ आहेत, भांडण नको म्हणाले, बाजार दोन दिवस करू या का, एक कोळीवाड्याचा, एक चाळीचा? म्हणजे बघ, मी जिंकलो होतो. समोर कोणी नसताना. मी म्हटलं, नाही सर, एकच दिवस, आणि टेबलावर दोघींची नावं. तुझं पटलं म्हणून नाही. तुझ्याशी भांडून हरायची सवय लागली होती, ती सोडवेना. इतकंच. तुझी पोरं टेबलं मांडत होती आणि मला विचारत होती, सर, त्या येतील ना? मी छातीवर हात ठेवून म्हणालो, येणार. इतका वाईट अभिनय मी जन्मात केला नव्हता.

तर काल.

सकाळी जनाबाय आली. सुक्या मासळीची पाटी टेबलावर आपटली आणि मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली की माल सुकलाय, घरी ठेवून काय करू, कुणासाठी म्हणून आलेले नाही. मी मान डोलावली. शेजारची खुर्ची रिकामी. थोड्या वेळाने परबकाकूची सून आली. एकटीच. तिने आमसुलांची भरलेली पिशवी टेबलावर ठेवली, सासू येत नाही म्हणाली आणि मागे न बघता गेली.

जनाबायने पिशवीकडे बघितलं. मग ती उचलून खाली ठेवली आणि पायाने टेबलाखाली सारली.

हेमा, तो दिवस कसा गेला ते मी तुला सांगणार नव्हतो. मी माइकवर होतो. मी गाणी म्हटली, कोडी घातली, तुझ्या पहिल्या बाजाराची गोष्ट सांगितली, आणि लोक हसले, आणि ज्यांची ती गोष्ट होती त्यातली एक घरी बसली होती आणि दुसरी हसली नाही. घाटकोपरचे ते काका आले, आता काठी घेऊन चालतात. त्यांनी आमसुलं मागितली. जनाबाय म्हणाली, नाय. काकांनी काठीने टेबलाखाली दाखवलं. ती म्हणाली, "ते माझं नाय." काकांनी माझ्याकडे बघितलं. मी माइक बंद केला आणि मैदानाच्या कडेला नळावर जाऊन तोंड धुतलं. पुन्हा धुतलं. मनात म्हटलं, संपलं. तुझा नियम, तुझा बाजार, इतक्या वर्षांची तुझी खटपट, सगळं एका पायाच्या धक्क्याने टेबलाखाली गेलं. आणि मला तुझा राग आला, खूप राग आला, की तू हे माझ्या गळ्यात टाकून गेलीस. मी बोलणारा माणूस आहे. मला यातलं काही येत नाही.

ऊन उतरल्यावर आवराआवर सुरू झाली. जनाबायने पाटी बांधली. मग वाकून ती पिशवी बाहेर ओढली. मला वाटलं आता ती तिथेच सोडून जाणार. तिने गाठ सोडली, आत हात घातला, एक आमसूल बोटांत दाबलं आणि नाकाला लावलं.

"ओलं हाय," ती म्हणाली. मला नाही, पिशवीलाच. मग माझ्याकडे वळून विचारलं, गच्ची बंद केली का त्यांची? मी म्हटलं, पत्रे लावलेत. तिने ते आमसूल पुन्हा एकदा दाबून बघितलं. परबकाकूने हा माल घरात, पंख्याखाली वाळवला असणार, हे माझ्याही तेव्हा ध्यानात आलं.

"असा माल विकता येत नाय. बुरशी धरील," जनाबाय म्हणाली, आणि गाठ मारून पिशवी आपल्या पाटीवर चढवली. मी विचारलं, कुठे नेतेस? ती म्हणाली, "जागा अजून हाय थोडी. उद्या उनात टाकते. तिला सांग, माल माझ्याकडं हाय. पायजे तर येऊन घेऊन जाव." आणि पाटी डोक्यावर घेऊन निघाली. आभार नाही, राम राम नाही.

मी थेट चाळीत गेलो. परबकाकू दारातच उभी होती. मी एकही हातवारा केला नाही, हेमा, आवाज चढवला नाही, उतरवला नाही. जे झालं ते झालं तसं सांगितलं. तू मला आयुष्यभर असं बोलायला सांगत होतीस. परबकाकू ऐकत राहिली. माल ओला निघाला म्हटल्यावर तिची मान खाली गेली. मग बाहेर आभाळाकडे बघत म्हणाली, "पाऊस इलो तर? झाकतली मा ती?" मी म्हटलं, मला माहीत नाही. ती दाराशी चपला शोधायला लागली. चपला तिच्या पायापाशीच होत्या.

मी तिथून निघालो. ती खाली उतरली की दार लावून आत गेली, ते बघायला मी थांबलो नाही. मला भीती वाटली.

आज कडक ऊन पडलं आहे. मी सकाळपासून घरात बसून हे लिहितो आहे, कारण खाडीकडे जाऊन बघायची हिंमत होत नाही. वाळवणावर ती आमसुलं नुसतीच पडलेली असली, तर तू पुन्हा एकदा गेलीस. आणि दोघी तिथे असल्या, तर ते मी कुणाला जाऊन सांगू?